धुराडं ओढ्यापलीकडे, फाटक ओढ्याअलीकडे

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले नगराध्यक्ष माननीय रामभाऊ, व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले माझे सहकारी नगरसेवक, समोरचे अधिकारी-कर्मचारी, करवंदवाडीहून उन्हातून चालत आलेली मंडळी, आणि ज्यांच्या बदलीने आपल्यातल्या काहींना आज मनापासून आनंद झाला आहे त्या आपल्या सत्कारमूर्ती अपेक्षा मॅडम, सर्वांना आरोग्य सभापती लडकूशेठचा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत माझा घसासुद्धा मोकळा होत नाही, हे ते विसरले.

मॅडम पर्यावरण अभियंता म्हणून इथे आल्या तेव्हा त्यांचं काम काय, हे आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. कर्जत-खालापूर पट्ट्यातलं कुठलं गाव, कुठलं शहर किती कोळसा, डिझेल, वीज जाळतं आणि हवेत किती कार्बन सोडतं, याचा आकडा त्यांना काढायचा होता. आम्हाला वाटलं, बाईंना चार कागद द्यायचे, चहा पाजायचा, की सुटलो. आमच्या खात्याने लेखी कळवलंही, की डेपोवरचा कचरा कुणी जाळत नाही, तो आपोआप पेटतो. मॅडम म्हणाल्या, "शेठ, तो बरोबर गाडी रिकामी झाल्यावरच कसा पेटतो?" मी तातडीने वडापाव मागवला.

पण खरी गंमत हद्दीवरच्या लोखंडाच्या कारखान्याची. हद्दवाढ झाली तेव्हा आपण काय म्हणालो होतो? फाटक आपल्याकडे, ऑफिस आपल्याकडे, म्हणजे अख्खा कारखाना आपला. मालमत्ता कर लावला, गुलाल उधळला, रामभाऊंना त्या फाटकापासून इथपर्यंत खांद्यावरून आणलं. रामभाऊ, माझा खांदा अजून दुखतो.

मग कार्बनचा हिशेब आला. त्या भट्टीचा आकडा आपल्या नावावर लागला आणि आपण एकदम पहिल्या नंबरवर. तेव्हा आपल्याला अचानक आठवलं की धुराडं ओढ्यापलीकडे आहे, ग्रामपंचायतीच्या जागेत. पट्ट्यातल्या सर्व नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींची बैठक झाली, तिथे आपण नकाशा पसरून सांगितलं, कारखाना आमचा, धूर त्यांचा. लग्न आपल्या मांडवात आणि खरकट्या पत्रावळी शेजारच्या अंगणात, असा हा प्रकार.

ओढ्यापलीकडे राहतं कोण? ही करवंदवाडी. भट्टीचा आकडा तिच्या माथी मारला, तर कागदावर तालुक्यातली सगळ्यात घाण हवा करणारी वस्ती तीच ठरते. आणि धूर कमी करायच्या आपल्या आराखड्यात पुढची ओळ तयारच होती, की अशा वस्तीने रानातलं सरपण आणणं बंद करावं. तिथे सिलिंडरचा टेंपो जात नाही. सरपण बंद म्हणजे चूल बंद, हे सांगायला अभियंता लागत नाही.

वाडीच्या ग्रामपंचायत सदस्य मंगळीताई त्या बैठकीत उठल्या. म्हणाल्या, "सायेब, आमच्या चुलीचा येवढा धूर हाय, मंग त्या धुराड्यातनं काय अगरबत्तीचा येतो?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "कर घेता तर धूरही घ्या. नाहीतर दोन्ही सोडा." आकडा बदलायचा कागद त्यांनी सही न करता परत दिला. त्यानंतर त्यांची बदली झाली. ही बदली नियमित आहे, असं मघाशी तीन वक्त्यांनी सांगितलं. एकानेच सांगितलं असतं, तर मीही विश्वास ठेवला असता.

मॅडम, आमच्यातल्याच कुणीतरी ही बदली मागून घेतली. याची मला लाज वाटते. शालीखाली झाकायची गोष्ट नाही ही.

आता सोमवारी सभा आहे. आकडा ओढ्यापलीकडे ढकलायचा ठराव तिथे येतोय. मत देणारे सगळे इथेच बसलेत, आणि वाडी समोर बसली आहे. म्हणून अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून विचारतो, आकडा आहे तिथेच ठेवायचा असं ज्यांना वाटतं, त्यांनी आत्ता हात वर करावा. हा काही ठराव नव्हे, कबूल. पण आज हात वर करून सोमवारी जो फिरेल, त्याला या लोकांनी ओळखावं.

पौर्णिमाताई, आभार. जगदीशभाऊ, आभार. भिवाजीअण्णा, तुम्ही डोकं खाजवताय की हात वर आहे? वर आहे, धरला. तिकडे मागे अजून आठ. झालं बहुमत. रामभाऊ, तो गुच्छ जरा खाली ठेवा, हात अडकलाय. असं. अर्धा आला वर. चालेल, तुमच्याकडून एवढंही आजवर मिळालं नव्हतं. मंगळीताई, नीट बघून घ्या सगळ्यांचे चेहरे.

मॅडम, नव्या गावी सुखाने जा. हॉल, माइक आणि तुमचा वेळ दिलात, सगळ्यांचा ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. मॅडमच्या आकड्यात मात्र कमीजास्त करू नका.