टबवाली चेटकीण

ताई : आवडलं नसेल तर सरळ सांग. पाच मिनिटं झाली, नुसता कागदांच्या कडा जुळवत बसलायस.

ढब्बू : आवडलं.

ताई : 'आवडलं.' झालं? तीन वर्षं घासलीय मी ही कादंबरी. आणि तू लिफ्ट दुरुस्त झाल्यासारखं सांगतोस, 'आवडलं'.

ढब्बू : लिफ्ट दुरुस्त केली की लोक तेवढंही म्हणत नाहीत. हळू बोल. आई आत पडलीय, आत्ताच थेंब घातलेत डोळ्यांत.

ताई : मावशींना काय म्हणाले डॉक्टर?

ढब्बू : मोतीबिंदू छान निघाला म्हणाले. आठ दिवस वाचायचं नाही, वाकायचं नाही, गॅसपाशी जायचं नाही. गॅसवरून सकाळीच आमची जुंपली.

ताई : हे बघ, पाच वाजता प्रकाशकांचा माणूस येणारय. इथलाच पत्ता दिलाय मी त्याला. हे शेवटचं प्रूफ. तो घेऊन गेला की उद्या छापायला. मग एक काना हलवता येणार नाही. तेव्हा जे काही पोटात असेल ते आत्ता ओठावर येऊ दे.

ढब्बू : निधड्या म्हणजे मी ना?

ताई : नाही, शेजारचे काका! अरे, घरातून पळालेली दोन भावंडं, नऊ वर्षांची मोठी आणि पाच वर्षांचा निधड्या. दुसरं कोण असणार? अख्खं पुस्तक तुझ्या जिवावर उभं आहे.

ढब्बू : मी एवढा शूर नव्हतो गं.

ताई : होतास. मला विचार ना. रेल्वेच्या फाटकावरून मालगाडी धडधडत गेली तेव्हा माझे हातपाय गार पडले होते, आणि तू शेजारी उभा राहून केळं खात होतास. पुलावर कठडा तुटलेला, खाली पाणी, आणि तू शिट्टी वाजवायचा प्रयत्न करतोयस. येतही नव्हती वाजवता!

ढब्बू : अजून येत नाही.

ताई : थट्टा करू नकोस. ढब्बू, मी हे कधी बोलले नाही तुला. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले, बाळंतपणाला टेबलावर घेतलं, बाबा गेले त्या दिवशी, दर वेळी मी तुझा तो चेहरा आठवला. एवढंसं पोर, अनोळखी रस्ता, आणि भीतीचा लवलेश नाही. म्हटलं, त्याला जमलं तर मला का नाही जमणार? त्यासाठी लिहिलंय हे सगळं.

ढब्बू : हं.

ताई : हं काय?

ढब्बू : चेटकिणीचं बोलू आधी.

ताई : आलास मुद्द्यावर. मला माहीत होतं तू मावशींचा वकील होणार.

ढब्बू : टबवाली चेटकीण. मोठे हात, औषधाचा वास. पोरं रानोमाळ भटकतायत आणि ही पाय टबात सोडून बसलेली. दर प्रकरणाच्या शेवटी येते. कोणीही ओळखेल.

ताई : कोण ओळखणार? तू आणि मी. आणि काय खोटं आहे त्यात? आई जाऊन दीड वर्षही झालं नव्हतं. बाबांनी दुसरं लग्न करून मावशींना घरात आणून चार महिने. आणि एक दिवस उठून आईचं कपाट उघडलं, सगळे कपडे बाहेर काढून उन्हात टाकले! मला न विचारता!

ढब्बू : कसर लागली होती कपड्यांना.

ताई : ते मला नऊव्या वर्षी कोणी सांगितलं? मला वाटलं, टाकून देतायत. म्हणून तर दुसऱ्या दिवशी निघालो आपण, बाबांकडे. बाबा तिकडे धरणाच्या कामावर. चाळीस किलोमीटर! बिस्किटांचा एक पुडा, चार केळी आणि बिनसेलची बॅटरी घेऊन. सकाळी आठला निघालो, संध्याकाळी पाचला परत आलो. नऊ तास, ढब्बू! आणि दारात पाऊल टाकते तो काय, बाईसाहेब स्टुलावर बसलेल्या. पाय टबात. गरम पाणी, वर मीठ. 'आलात? हात धुवा, वाढते.' बस्स! शोधायला नाही, रडणं नाही, साधं ओरडणं नाही. दोन रट्टे घातले असते ना, तर मला बरं वाटलं असतं. निदान आपण नसल्याचं कोणाला कळलं तरी, असं वाटलं असतं.

ढब्बू : तीस वर्षं हेच डोक्यात घेऊन बसलीयस.

ताई : बसणारच. तू लगेच त्या रात्रीपासून 'आई, आई' करायला लागलास. मला नाही जमलं. मी वाईट वागले का त्यांच्याशी? आजारपणात आले, ऑपरेशनचे कागद मी भरले. पण तो टब काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

ढब्बू : ताई, रागावू नकोस. मी तिला वाचून दाखवलं.

ताई : काय?

ढब्बू : पुस्तक. दुपारी जेवायला घरी यायचो तेव्हा. नऊ प्रकरणं झालीत.

ताई : तू... चेटकिणीसकट?

ढब्बू : चेटकीण वगळली तर उरतं काय? तीच म्हणाली, डोळे बंद आहेत तर वाच, पोरीने काय लिहिलंय बघू दे.

ताई : अरे देवा. काय म्हणाल्या?

ढब्बू : हसली. चेटकीण आली की म्हणायची, परत वाच.

ताई : मी आत्ता निघते. त्या माणसाला फोन करून दुसरीकडे बोलावते. कुठल्या तोंडाने बघू मी त्यांच्याकडे?

ढब्बू : बस. अजून सांगायचं राहिलंय. बस म्हणतो ना.

ताई : अजून काय राहिलंय?

ढब्बू : काळ्या कुत्र्याचं प्रकरण.

ताई : त्याचं काय? सगळ्यात उत्तम प्रकरण आहे ते. लाकडाच्या वखारीपाशी तो एवढा मोठा काळा कुत्रा गुरगुरत अंगावर आला, मी तुला मागे ओढलं, आणि तू मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलंस. रोखून. आणि तो शेपूट घालून निघून गेला. जसंच्या तसं लिहिलंय. एक अक्षर पदरचं नाही.

ढब्बू : मी कुत्र्याकडे नव्हतो बघत.

ताई : मग?

ढब्बू : तुझ्या मागे बघत होतो. तिथे आई उभी होती. तिने हात असा खाली केला आणि तोंडाने काहीतरी आवाज काढला, हलका. कुत्र्याने तिच्याकडे बघितलं आणि गेला.

ताई : कोण आई?

ढब्बू : आपली. आतली.

ताई : काहीतरीच काय बोलतोस.

ढब्बू : ती पहिल्यापासून मागे होती. बेकरीच्या कोपऱ्यावर मी सहज मागे बघितलं, तर दिसली. मी हाक मारणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, खेळ आहे. तुला न सांगायचा खेळ. मग फाटकावर बघितलं, होती. पुलावर बघितलं, होती. म्हणून केळं खात होतो. मी कशाला घाबरू? तू पुढे, ती मागे.

ताई : माझ्या मागे?

ढब्बू : तू कधी मागे बघितलंच नाहीस, ताई. तुझं असंच आहे, ठरवलं की नाकासमोर.

ताई : होत्या, तर थांबवलं का नाही? हाक का नाही मारली? चार ढांगांत पकडलं असतं मला!

ढब्बू : मीही विचारलं होतं, मोठा झाल्यावर. गुरांच्या दवाखान्यात कामाला होती ना ती. म्हणाली, बिथरलेल्या वासराच्या मागे धावायचं नसतं. धावलं की ते रस्ता बघत नाही, गाडीखाली जातं. अंतर ठेवून चालायचं. ते थांबलं की आपणही थांबायचं, पाठ करून बसायचं. दमलं की ते आपणच घराकडे वळतं.

ताई : पाठ करून?

ढब्बू : आठवतं, आपण पाण्याच्या टाकीखाली बिस्किटं खाल्ली? पलीकडच्या बाकावर डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई पाठमोरी बसली होती.

ताई : तुला नेऊन विकेल म्हणून तुझा हात धरला होता मी. अरे, ती बाई पुस्तकात आहे माझ्या! चोरबाई म्हणून!

ढब्बू : सहावं प्रकरण. तिथे आई सगळ्यात जास्त हसली.

ताई : आणि परत येताना? आपल्या आधी घरी कशा पोचल्या?

ढब्बू : मैलाच्या दगडावर बसून तू रडलीस. पुस्तकात नाहीये ते.

ताई : त्याची काही गरज नव्हती.

ढब्बू : मी म्हटलं, चल घरी. तू म्हणालीस, चल. मग वखारीच्या मागच्या बोळातून ती पुढे निघाली. लंगडत होती. दमली असेल असं वाटलं मला. म्हणून मी बुटात खडा गेल्याचं नाटक केलं. तीनदा. तिला पुढे जायला वेळ मिळावा म्हणून.

ताई : निधड्याच्या बुटातला जादूचा खडा.

ढब्बू : खडाबिडा काही नव्हता गं.

ताई : तीस वर्षं, ढब्बू! तीस वर्षांत एकदा तोंड उघडावंसं वाटलं नाही तुला?

ढब्बू : त्या रात्री पांघरुणात तू मला म्हणालीस, 'ढब्बू, तू वाघ आहेस.' त्याआधी मला सगळे ढब्बूच म्हणायचे. पाच वर्षांच्या पोराला वाघ झाल्यावर परत ढब्बू व्हायला कसं जमेल? नंतर मोठेपणी सांगायचं ठरवलं की तू कुणाला तरी तीच गोष्ट सांगत असायचीस, एवढी रंगून. जीभच वळायची नाही. आता छापायलाच निघालीस, तेव्हा म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

ताई : किती वाजले?

ढब्बू : चारला दहा कमी.

ताई : लाल पेन दे. चेटकीण काढते. सगळी काढते. तो माणूस बसला तर बसू दे तासभर.

ढब्बू : दर प्रकरणात आहे ती. पुस्तक खाली बसेल तुझं.

ताई : बसू दे! पेन दे म्हणते ना!

(आतल्या खोलीचं दार करकरतं. भिंतीला हात लावत मावशी बाहेर येतात, डोळ्यांवर काळा चष्मा.)

मावशी : चेटकीण काढायची नाही.

ढब्बू : आई, तुला उठायचं नाही सांगितलंय ना!

मावशी : वाकायचं नाही सांगितलंय. उठायचं नाही असं कोणी म्हटलं नाही. आणि पट्टी डोळ्यांना होती, कानांना नव्हती. खुर्ची कुठेय?

ताई : इकडे. माझा हात धरा. हं, बसा.

मावशी : हात थंडगार पडलाय तुझा. पाणी पी आधी. हे बघ, चेटकीण झकास आहे. पोरांना चेटकीण लागतेच, नाहीतर पळायचं कशापासून? पण कुत्र्याचं मात्र बदल.

ताई : बदलते ना. तुम्ही होतात तिथे, ते घालते.

मावशी : मला नको घालूस. ते रोखून बघायचं काढ. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत असं कधी बघू नये. पोरं वाचतील, तसंच करायला जातील, आणि तो फाडून ठेवेल एखाद्याला. निधड्याला म्हणावं, नजर खाली, हात खाली, जागचं हलू नकोस. एवढं लिही.

ताई : लिहिते.

ढब्बू : घे, पेन.

ताई : तू सांगितलं का नाहीस मला? ह्याचं सोड, हा बावळटच आहे. पण तू? मी काय काय बोलले असेन इतक्या वर्षांत. लग्नात आईच्या जागी मामीला बसवलं मी. तेव्हा तरी सांगायचंस.

मावशी : काय सांगणार? तू गेलीस ती माझ्यामुळे. आलीस ती तुझ्या पायांनी. परत यायचं तुझं तू ठरवलंस, एवढीशी असून. त्यात मी मागून येऊन 'मी होते, मी होते' कशाला करू? तुझं तेवढं तुझ्याकडे राहू दे म्हटलं.

ताई : मला वाटलं, कुणाला आपली पडलीच नव्हती.

मावशी : ते मात्र चुकलं माझं. दोन रट्टे घालायला हवे होते. तू आत्ता म्हणालीस तेव्हा कळलं.

ढब्बू : आता घाल. मी धरतो तिला.

मावशी : तू गप. बुटात खडा गेला म्हणे, तीनदा. मी वळून बघत होते आणि हा रस्त्यात फतकल मारून बसलेला. मला वाटलं, ह्याच्या पायाला काही झालं. अर्ध्या बोळातून परत आले होते मी.

ताई : चेटकीण ठेवते, बरं. तू म्हणतेस तर ठेवते. पण तो टब काढते. माझ्याच्याने वाचवणार नाही तो आता.

मावशी : टब राहू दे. होताच तो. आधी कुठेतरी एक ओळ घाल फक्त, की ती अनवाणी होती.

ताई : कोण?

मावशी : चेटकीण. तुम्ही दोघं घरातून बाहेर पडलात, आणि मी चपला शोधत बसले असते, तर तुम्ही कोपऱ्यावरून वळला असतात.