तीन चाकांचा ब्रेक

स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ती स्कूटरचा आरसा घ्यायला रांगेत उभी होती. पुढे एक नवरा-बायको होते, आणि बायको आवाज खाली आणायला तयार नव्हती.

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. उतारावर ब्रेक दाबला की जीप थेट उजवीकडे, समोरून येणाऱ्या ट्रककडे ओढली जात होती. मागे तुमच्या आई बसल्या होत्या!"

"पुढच्या डाव्या चाकाशी ब्रेकचं ऑइल गळत होतं. म्हणून नळीला पक्कड लावून ती आवळून ठेवली. तात्पुरती."

"म्हणजे त्या चाकाचा ब्रेकच बंद केलात?"

"बाकी तीन चाकांचा चालू होता ना!"

"वा, तज्ज्ञ! आणि हे मला कधी सांगणार होतात?"

"राहून गेलं. गॅरेजवाल्यांना काय कळतं? या जीपचा नट अन् नट मी स्वतः बसवलाय."

"तेच तर."

"आई काय म्हणाली?"

"उतरल्यापासून एक शब्द बोललेल्या नाहीत. आणि तुम्हाला जीपच्या टपावर लावायचे दिवे सुचतायत!"

"दिव्यांचा काय संबंध?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"बोला साहेब."

"टपावरचे दिवे दाखवा."

बायकोने चाकामागून काढून आणलेली, ऑइलने माखलेली पक्कड पर्समधून काढून काउंटरवर आपटली.

"आधी हिच्या जागी जे लागतं ते द्या."

दुकानदाराने पक्कड उलटसुलट करून पाहिली. "बसवणार कोण?"

नवऱ्याने नजर टपावरच्या दिव्यांकडे वळवली.

"सांगा ना," बायको म्हणाली. "आईंना त्याच उतारावरून परत न्यायचंय."