नऊ वर्षांचा दाखला

—नाही म्हणालो का मी? अजून नाही म्हणालोय का? मग बसा की. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय गेलाय, ह्या पेटीवर बसा. आणि हात कुठे टेकू नका, काचेचा चुरा असतो सगळीकडे, लागला म्हणजे परत माझ्याच नावानं ओरडाल. दाखला हवाय, कळलं. एकदा सांगितलंत, कळलं मला. नवरा नऊ वर्षं ह्या दुकानात कामाला होता असं लिहून हवंय, सहीशिक्क्यासकट, आणि आजच हवंय, कारण उद्या सकाळी त्याची सुनावणी. बाहेरून आलेल्या माणसाचं आठ वर्षं सलग काम आणि पगारातून कापलेला कर, एवढं मालकानं लिहून दिलं की त्याला राहू देतात, नाहीतर गाडीत घालून परत धाडतात— अहो, नियम मला काय शिकवताय? हा नियम माझ्याइतका कुणाला पाठ नसेल. ह्याच नियमाच्या विरोधात मी दोन वर्षं लिहितोय. रोज. जेवण चुकेल, लिहिणं चुकणार नाही.

कुठे म्हणजे? इथे, फोनवर. ‘जागता पहारा’ ह्या नावानं. तुम्ही नसेल वाचलं, तुम्हाला कशाला कोण वाचायला लावतंय, पण चार हजार लोक वाचतात, हां! हसू नका. नाही हसलात? मग तोंड तसंच असेल तुमचं. मी काय वेडंवाकडं लिहितो? सरळ लिहितो. राज्याचा खजिना रिकामा झाला— कुणामुळे? आधीच्या सरकारनं दारं सताड उघडी टाकली त्यामुळे. कर आम्ही भरायचा, आणि दवाखान्यात रांगेत पुढे कोण? शाळेत बाकावर कोण? पलीकडच्या राज्यानं कर कमी केला, कारखाने उठून तिकडे गेले, आणि आमच्याकडे काय आलं? तुम्ही आलात. हे मी तुमच्या तोंडावर बोलतोय, पाठीमागे नाही, एवढं तरी माना. आणि तिकडून तो एक दीडशहाणा— मास्तर म्हणतो मी त्याला, नाव काहीतरी भलतंच लावतो— तो लगेच आकडे घेऊन हजर. म्हणे बाहेरचे लोक जेवढं घेतात त्यापेक्षा जास्त भरतात. म्हणे साबण घेतला तरी कर देतात, भाडं दिलं तरी देतात. म्हणे ते गेले तर निम्मे धंदे बसतील. घरात पंख्याखाली बसून नाकानं कांदे सोलायला काय जातंय! एकदा ये म्हटलं इकडे, काचेचा पत्रा उचल, मग सांग मला अर्थशास्त्र.

थांबा. एक मिनिट. फोन वाजला बघा, मास्तरचाच असणार— हं. वाचून दाखवतो. ‘पहारेकरी आज गप्प का? जीभ कापली का काचेनं?’ बघितलंत? तीन दिवस असंच चाललंय. मी कधी गप्प बसत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून मुद्दाम खोड काढतोय. लिहितो आता. ‘आत्ता ह्या क्षणी माझ्यासमोर एक बसली आहे. फुकटचा दाखला मागायला आली आहे.’ —फुकटचा काढू? बरं, काढतो. ‘खोटा’ घालू? बघा कशी मान हलली! म्हणजे समजतंय सगळं. नाव नाही घालत तुमचं, घाबरू नका. मला तुमचं नाव कुठे माहीत आहे? तुमच्या नवऱ्याचंही धड माहीत नव्हतं. त्याला न्यायला कार्यालयाचे लोक कागद घेऊन आले आणि नाव वाचायला लागले, तेव्हा मी म्हटलं, असा कोणी इथे नाही. खरंच वाटलं मला तसं. मी त्याला मुक्या म्हणतो. लाडानंच हो! आला तेव्हा भाषेचा गंध नव्हता, सांगेल ते करायचा आणि मान हलवायचा, म्हणून मुक्या. पुढे आमच्या हिनं त्याला अक्षरं शिकवली, इथेच, रद्दीच्या वर्तमानपत्रावर. मग बोलायला लागला, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

हिनंच पाठवलं ना तुम्हाला? तरीच. तीन दिवस माझ्याशी एक शब्द नाही, ताट समोर ठेवते आणि आत जाते, आणि तुम्हाला मात्र पत्ता, वेळ, सगळं सांगते. मी संध्याकाळी एकटा असतो हे सांगितलं असेल. अजून काय सांगितलं? फोटोचं? ...सांगितलं. छान! म्हणजे घरचा भेदी म्हणतात तो असा. तर मग माझ्याकडूनही ऐका, कारण तिला त्यातलं काही कळत नाही.

तो मास्तर म्हणाला, पुरावा दाखव. वाऱ्यावर बोलू नकोस, तुझ्या गल्लीत किती बाहेरचे बिनकराचे राबतायत ते दाखव. सगळे त्याच्या मागे, दाखव, दाखव, दाखव. आता समोर तो सुतार आहे बघा, कपाटं करतो, त्याच्याकडे चार आहेत. सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी दुपारी इथून, ह्याच जागेवरून, फोटो काढला. चौघं दारात बसून फळीला रंधा मारत होते, झकास आला. टाकला. वर लिहिलं, ‘हे बघा तुमचे करदाते.’ आणि दारात माझा एक आरसा उभा होता— माणसाएवढा, सकाळीच तयार करून मुक्यानं तिथे टेकवून ठेवलेला, न्यायला येणार होते. तो आला फोटोत. त्यात आमचं दुकान, टेबल, आणि टेबलाशी वाकलेला मुक्या, हातात काच कापायची हिरकणी. काच कापताना दिसतोय स्वच्छ. वर भिंतीवरची दुकानाच्या नावाची पाटीसुद्धा, उलटी. मास्तरनं ती सुलटी करून घेतली, वाचली, आणि माझ्या फोटोखाली टाकली. ‘पहारेकऱ्याच्या घरातच करदाता सापडला.’ नऊशे लोक हसले. नऊशे! मी मोजले.

आंधळा आहेस का, असं विचारलं हिनं मला. अहो, तिला काय कळणार? तीस वर्षं आरशाचं काम करतोय मी. आरसेवाला आरशात बघत नाही, बाई. आरशावर बघतो. डाग आहे का, लाट आलीय का, कड उडालीय का, पाठीचा रंग सुटलाय का. आत कोण उभं आहे ते दिसतच नाही आम्हाला, सवयच नाही. दाढी करायला मी न्हाव्याकडे जातो. मुक्याला दाखवला असता फोटो तर त्यालाही दिसलं नसतं, पैज लावतो. त्यानं म्हटलं असतं, मालक, डाव्या कोपऱ्यात बोटाचा ठसा राहिलाय.

मी नाही कळवलं त्या कार्यालयात. तेवढं नीट ऐका. मी त्याला पकडून दिलं नाही. त्या नऊशेंपैकी कुणीतरी कळवलं असेल, त्या बाजूचं, माझी जिरवायला, म्हणजे बघा, तुमचा कैवार घेणारेच! माझ्याशी भांडण आणि उचललं कोणाला? चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि सुताराचे चौघं? ते त्याच दिवशी फोटो बघून पसार. त्यांना कुणी हात लावला नाही. आमचा बसला होता काच घासत, कारण मीच त्याला म्हटलं होतं, काही होत नाही रे, तू काम कर. हो, म्हटलं होतं मी. त्यानं विचारलं, मालक, जाऊ का दोन दिवस मेव्हण्याकडे? मी म्हटलं, व्यायामशाळेचे बावीस आरसे द्यायचेत, मेव्हण्याकडे कसला जातोस. बस.

असं बघू नका माझ्याकडे.

बावीसच्या बावीस पडलेत, ते बघा, भिंतीला. मी काही त्याच्यावाचून अडलेला नाही. कापता मलाही येतं, त्याला शिकवलं कोणी? थांबा, दाखवतोच. हा तुकडा. हिरकणी तेलात बुडवायची, एकदाच ओढायची, मध्ये थांबायचं नाही, आवाज कापड फाटल्यासारखा आला पाहिजे— ...हं. ही काचच जुनी आहे. जुनी काच अशीच जाते, वाकडी. राहू द्या, राहू द्या, उचलू नका, लागेल! मी उचलतो. काही नाही, जरासं रक्त आहे. हात थोडा थरथरतो, दोन-तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात वाढत जाईल. गिऱ्हाइकाला माहीत नाही. त्याला माहीत होतं. त्यानं कधी चारचौघांत हिरकणी माझ्या हातात येऊच दिली नाही, कोणी आलं की म्हणायचा, मालक, तुम्ही माप लिहा, कापतो मी. मुक्या, पण अक्कल होती. आहे. आहे म्हणतोय मी, तोंडातून निघून गेलं.

तर दाखला. तुम्हाला वाटतं, एक कागद, दोन ओळी, ह्याच्या बापाचं काय जातंय? ऐका काय जातंय ते. त्या कागदावर लिहावं लागतं, अमक्या तारखेपासून कामाला, आणि कर कापला. बरोबर? मी कापत होतो. दर महिन्याला, न चुकता. तो तुम्हाला म्हणायचा ना, कर गेला, एवढेच आले? खरं होतं ते. मी एक पैसाही... कापायचा म्हणजे कापायचा, नियम आहे. भरण्याची गोष्ट वेगळी. अहो, धंदा आहे! पहिल्या वर्षी छत गळत होतं. मग भट्टीतून येणारी काच महागली. पुढच्या वर्षी एकदम भरू म्हटलं, मग पुढच्या, आणि मग इतकं साचलं की भरायला गेलो असतो तर आधी मलाच आत टाकलं असतं. चोर नाही मी. लिहितो ते मनापासून लिहितो. कर बुडवणाऱ्यांनी राज्य बुडवलं, हे आजही लिहीन. पण ते मोठे, बाहेरचे, कारखानेवाले— आमच्यासारख्यांचं काय एवढं? ...बोला ना काहीतरी! मास्तर असता तर एव्हाना वीस ओळी लिहून मोकळा झाला असता. त्याला उत्तर देता येतं मला. तुम्ही नुसत्या बसता.

नऊ वर्षं लिहिली तर उद्या तिथला माणूस विचारणार, ठीक आहे, नऊ वर्षांचा कर कुठाय? आणि मग तुमचा नवरा सुटेल आणि मी जाईन. दुकान जाईल, घर दुकानाच्या नावावर आहे ते जाईल. आणि चार हजार माणसं— जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं ते. नऊशे हसले तेव्हा मी दोन दिवस फोन पालथा घालून ठेवला होता.

पण मी दगड नाही. मी काल रात्रीच लिहून ठेवलंय, हे बघा, दुकानाच्या कागदावर, शिक्का मारून. वाचता येतं ना? ‘सदर इसम माझ्याकडे तीन महिने कामास होता. वर्तणूक चांगली. काम चोख.’ चोख शब्द मुद्दाम घातलाय, असं मी कुणाबद्दल लिहिलेलं नाही. तीन महिन्यांच्या कामावर कर लागत नाही, म्हणजे मला कोणी विचारणार नाही, आणि तुमच्याही हातात काहीतरी कागद. घ्या. ...घ्या की. कुठे निघालात? बसा! बसा म्हणतो. बरं, नवा लिहितो, एक वर्ष घालतो. एक वर्ष म्हणजे खूप झालं, मी माझ्या जिवावर घेतोय हे. दोन? दोन घालतो, बस? अहो, तुम्ही बाजारात आला नाहीत, मी पण नाही. तीन. हा बघा, नवा कागद घेतला, तीन वर्षं, लिहितोय मी, हाताकडे बघू नका. काय म्हणालात?

...आठच्या खाली सगळं सारखंच.

हो. मला माहीत आहे. आठचा नियम मीच सगळ्यांना सांगत असतो. दहा करा म्हणून सह्यासुद्धा गोळा केल्यात मी.

मग जा. कागद नको तर नको, ठेवा तिथेच. त्याची हिरकणी तेवढी राहू द्या, दुकानाची आहे ती— नाही, त्यानं स्वतःची आणली होती. घ्या. घेऊन जा, कापडात गुंडाळा, टोक लागेल. आणि उद्या तो विचारेल, मालक काय म्हणाले, तर त्याला सांगा... नाही. काही सांगू नका. मी भेटलोच नाही म्हणा. दुकान बंद होतं म्हणा.