पाणी पिणारा दगड

माझं नाव सुमन, माहेर पारोळ्याकडचं, सासर अमळनेर तालुक्यातलं, पण आता विचाराल तर मी डिंडोलीची, कारण लग्न झालं आन् पंधरा दिवसांत यांच्या मागं पत्र्याची पेटी घेऊन सुरतेला आले ती आलेच. हे म्हणजे आमचे मालक, नाव मी घेणार नाही, तुम्ही तुमचं विचारून घ्या. हे संच्यावर व्हते. संचा म्हणजे कापड विणायचा लूम, आन् कारखान्याला इथं खातं म्हणतात, तर त्या खात्यात एवढा आवाज की शेजारचा कानाशी येऊन ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातानं बोलतात, ओठ बघून समजून घेतात. नवीन लग्न झालेलं तेव्हा मी चुलीपाशी तोंडातल्या तोंडात पुटपुटले तरी हे उत्तर द्यायचे, मला वाटायचं बाई, काय कान तिखट आहेत, तर ते कान नव्हते, डोळे व्हते.

तीस वर्षांत कान गेले. खातेवाल्यानं जुने संचे भंगारात काढले, नव्या मशीनवर जवान माणसं ठेवली आन् हे घरी बसले. कानात घालायचं यंत्र आणलं, तर म्हणाले यात पुन्हा खातं चालू व्हतं, आन् ते डब्यात ठेवून दिलं. लोक मोठ्यानं बोलायला लागले की यांना राग यायचा, कोणी काही सांगितलेलं चालेना, मंग कोणी सांगायलाच येईना. खुर्ची भिंतीकडं फिरवून बसायचे. मी समजावलं, भांडले, सोमवार धरले, पण खुर्ची काही फिरली नाही. जिवंत माणसाच्या पाठीकडं बघत जेवायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा.

मी भेस्तानला कामाला जाते, धाग्याला पीळ देतात त्या खात्यात. तिथल्या शेठाणीनं घर बदललं तेव्हा माशांची काचपेटी मला देऊन टाकली, वर पाणी गाळायचा डबा, त्यात स्पंज, आन् पाच सोनेरी मासे. मी काही मोठा विचार करून आणली नाही, फुकट मिळाली म्हणून आणली, खोटं कशाला बोलू. पण चार दिवसांत यांनी खुर्ची पेटीकडं फिरवली. म्हणाले, यांचं तोंड हलतं पण कोणालाच काही ऐकू येत नाही, मी एकटाच नाही. आन् हसले हो. दोन वर्षांनी हसले. माशांना दाणे टाकायचे, पाणी बदलायचे, मला सांगायचे हा मोठा दांडगट आहे, ती शेपटीवाली गरीब आहे.

आता माझं शहाणपण ऐका. एक दिवस मी तो डबा उघडला तर आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, मला किळस आली, उचलला आन् फेकून दिला. स्पंजाच्या जागी घालायला दुकानात सिरॅमिकच्या रिंगा मिळतात असं ऐकलं व्हतं, मी म्हटलं रिंगा तर आमच्या खात्यात पोत्यानं पडल्या आहेत. धागा ज्यातून जातो ती चिनी मातीची छोटी कडी असते, धाग्यानं तिला खाच पडली की बदलतात. कामावर देखरेख करणाऱ्या मास्तरला विचारून रुमालभर आणल्या, सोड्याच्या गरम पाण्यात उकळल्या, मोत्यासारख्या चकचकीत केल्या आन् डब्यात भरल्या. मला एवढा अभिमान, शेजारणींना बोलवून दाखवल्या.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. पाचव्या दिवसापर्यंत तीन मेले, ती गरीब शेपटीवालीपण. हे रागावले असते तर बरं झालं असतं. यांनी तिन्ही मासे तुळशीच्या कुंडीत पुरले, हात धुतले आन् खुर्ची भिंतीकडं फिरवली. मला वाटलं मासे नाही, मी माणूस घालवला.

दुसऱ्या दिवशी मी खाडा केला. यांच्या समोर जाऊन, ओठ दिसतील असं उभं राहून म्हटलं, मना हाते झायं, पण दोन अजून जित्ता शेत, चला. म्हणजे माझ्या हातून झालं, पण दोन अजून जिवंत आहेत. हात धरून नाक्यावरच्या माशांच्या दुकानात नेलं. दुकानवाल्या भाईनं माझी कडी बोटात फिरवली आन् म्हणाला, बेन, आ तो लीसुं छे. म्हणजे गुळगुळीत. म्हणाला, माशांच्या घाणीचं विष व्हतं, ते खाणारे बारीक जीव असतात, डोळ्याला दिसत नाहीत, त्यांना राहायला भोकाभोकाची खरबरीत जागा लागते, तुम्ही तर भरलेलं घर फेकलं आन् त्यांना काचेवर झोपायला लावलं. आता मला सांगा, माझा जन्म गेला खात्यात, तिथं जरा खरबरीत लागलं की धागा तुटतो आन् शिव्या बसतात, मला कसं कळावं की खरबरीतपण कुठं कामाचं असतं.

त्यानं समोर मांडलं, प्लास्टिकचे गोळे, पांढऱ्या रिंगा, काळे भोकाळ दगड. आम्ही बोलत व्हतो, यांना काही ऐकू जात नव्हतं, हे भाईचे ओठ बघत व्हते, आन् यांनी काय केलं, बोट पाण्यात बुडवून एकेकावर थेंब सोडला. गोळ्यावरून घसरला, माझ्या कडीवरून घसरला. रिंगेनं प्यायला, काळ्या दगडानंपण प्यायला. रिंगा महाग, म्हणून यांनी दगड उचलला आन् मला म्हणाले, हाऊ दगड पानी पेस. नवा माठ घेताना आम्ही असंच बघतो, पण मला सुचलं नाही, यांना सुचलं.

भाई म्हणाला, नुसत्या दगडानं लगेच व्हणार नाही, महिना जाईल, तोवर हे दोन टिकायचे नाहीत. मंग त्यानं स्वतःच्या चालत्या टाकीतल्या जुन्या तपकिरी रिंगा मूठभर काढल्या, त्याच पाण्यासकट पिशवीत दिल्या, धुवायच्या नाहीत म्हणाला. मी म्हटलं, हे तर विरजण. हसला, म्हणाला हो बेन, मेळवण.

ते विरजण घरी येऊन डब्यातल्या नव्या दगडांत घातलं. हे दोन आठवडे रोज थोडं पाणी काढायचे, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालायचे, दाणे मोजून टाकायचे. दोन्ही मासे वाचले, दांडगट आता वीतभर झाला. दगड तपकिरी झाले, मला अजून हात शिवशिवतात, पण मी लावत नाही.

आन् मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची विमल आली, तिनं नवी पेटी घेतली, पाण्याला वास मारतो, एक मासा मेला. मला सांगत व्हती, हे तिच्या ओठांकडं बघत व्हते. उठले. डब्यातून मूठभर दगड काढले, वाटीत पेटीतलं पाणी घेऊन त्यात बुडवले आन् तिच्या हातात दिले. म्हणाले, धुऊ नको, जसं शे तसंच टाक, आन् आठ दिन बाद मले सांगाले ये.

मले सांगाले ये. कोणी काही सांगितलेलं न चालणारा माणूस, हो. विमल गेली, मी पदर डोळ्याला लावला, तर मला म्हणतात काय झालं, मी म्हटलं काही नाही. देव सगळ्यांचं असंच नीट करो. आज आठवा दिवस आहे, सकाळपासून दार उघडं ठेवून बसलेत.