कुणी पाडत नाही

कोच : दार लाव आधी. आणि पुन्हा एकदा बोल. माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल तर कळू दे.

दादा : संध्याकाळच्या मॅचला मला खेळवू नकोस. बाकावर बसव.

कोच : अरे दादा, स्टेडियमवर तुझा चार मजली फोटो लावलाय! लोकांनी तिकिटं काढलीत ती तुला बघायला. तुझ्या एका महिन्याच्या पगारात बाकीच्या अख्ख्या संघाचं वर्ष निघतं. आणि तू बाकावर?

दादा : पगार मी मागितला नव्हता. क्लबच्या मालकांनी आकडा सांगितला, मी सही केली.

कोच : वा! म्हणजे बिचाऱ्यावर जबरदस्तीच झाली की. गुडघा दुखतोय का?

दादा : अडतिसाव्या वर्षी गुडघा दुखणारच. ते नाही.

कोच : मग काय? गेल्या महिन्यात गवत खरखरीत होतं, त्याआधी चेंडू हलका होता. आज वारा उलटा वाहतोय का?

दादा : मला कुणी पाडत नाही.

कोच : काय?

दादा : परवाचा माझा गोल आठव. त्यांचा बचावपटू समोर उभा होता. नुसता पाय घातला असता तरी चेंडू त्याचा होता. तो बाजूला झाला. हळूच म्हणाला, ‘मारा सर.’

कोच : अरे, लहानपणी तुझं पोस्टर उशाशी लावून झोपला असेल तो.

दादा : तेच तर! पोस्टरला कुणी धक्का मारतं का? बावीस वर्षं लाथा खाल्ल्यात मी, नडग्या बघ. आता म्हातारा रस्ता ओलांडतोय तसे सगळे थांबून राहतात.

कोच : मग मी काय करू? समोरच्यांना चिठ्ठी पाठवू, ह्याला जरा तुडवा म्हणून? तुझ्या करारात स्पष्ट लिहिलंय, घरच्या मैदानावर किमान सत्तर मिनिटं.

दादा : मालकांना मी सांगतो.

कोच : तुझ्याशी ते गोड हसतील आणि मला नारळ देतील. माझी पोर आत्ता कुठं इथल्या शाळेत रुळलीय रे!

दादा : आपल्या लंबूला बघतोस ना? चांगला स्ट्रायकर, तीन महिने माझ्यामुळं बसून आहे. काल सरावात त्यानं मला खांद्यानं असं उडवलं! मग घाबरून माफी मागायला लागला. तो खेळला तर आपण जिंकू. मी खेळलो तर फक्त फोटो निघतील.

कोच : डोकं उठवलंस तू. खरं बोलतोस, त्याचाच जास्त राग येतो.

(कोच फळ्यावरच्या यादीतलं पहिलं नाव पुसतो आणि तिथं लंबूचं नाव लिहितो.)

दादा : मालकांना काय सांगणार?

कोच : संघ मी निवडतो, असं. एकदा तरी म्हणून बघतो.

दादा : लोक माझ्या नावानं ओरडतील.

कोच : ओरडू देत. तू उठायचं नाहीस.

दादा : मी कधी बसलोच नाही रे. कसं बसतात?

कोच : हे मात्र मला विचार. सहा वर्षं तुझाच राखीव होतो ना मी! पाय हलवत राहायचे, गार पडू द्यायचे नाहीत. आता बोलावतील, आता बोलावतील, असं समजून बसायचं.

दादा : आणि नाही बोलावलं तर?

कोच : नाहीच बोलावत. पाय हलवत राहायचे.