कंगव्यातले केस

सासू : माझा कंगवा कोण साफ करतं, एवढंच विचारतेय.

सून : आई, मागे सरका. भट्टी उघडतेय, झळ लागेल.

सासू : लागू दे. औषध सुरू झाल्यापासून रोज मूठभर केस गळतात माझे. आणि कंगवा बघावा तर लख्ख. केराच्या डब्यातही नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय.

सून : मीच काढते.

सासू : ते कळलंच. तुझ्या कपाटात डबी सापडली.

सून : तुम्ही माझं कपाट उघडलंत?

सासू : तू माझ्या कंगव्याला विचारून हात लावलास? तुझी धाकटी जाऊ म्हणते, करणी करायलाच केस जमवतात. म्हटलं, आमच्या थोरलीला मातीच्या भांड्यांतून सवड मिळाली तर करेल बिचारी.

सून : (चिमट्याने तापलेलं भांडं विटेवर ठेवते) आता बघा. हा तुमचा केस. टेकवला की जळतो, आणि रेघ राहते. कायमची.

सासू : शी, काय वास. तुझ्या त्या जपानी राकूत तापल्या भांड्यावर भुसा घालतात म्हणालीस. केस कधीपासून?

सून : घोड्याचे लावतात. पण ती रेघ जाड येते. तुमची किती नाजूक आलीय बघा ना. वेड लागतं मला.

सासू : तुझे का नाही लावत?

सून : लावून पाहिले. रंगवलेले आहेत, डाग पडतात.

सासू : मग मागायचे होतेस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

सून : राहून गेलं.

सासू : सुई घेतलीस तरी दहादा विचारणारी तू. हे भांडं विकणार?

सून : नाही. घरात ठेवणार.

सासू : माझी आठवण म्हणून.

सून : तसं नाही, आई.

सासू : मी काही दूधखुळी नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं, तुला आत थांबवलं. येताना म्हणालीस, सगळं ठीक आहे. डबी तेव्हापासूनची ना?

सून : भांडं निवतंय. निवलं की केस जळत नाही.

सासू : काय म्हणाले ते?

सून : औषधाचा आता उपयोग होत नाहीये, म्हणाले.

सासू : आणि मी रोज गिळतेय.

सून : तुमच्या तोंडावर सांगवेना मला. रोज ठरवायची, रोज जीभ अडायची.

सासू : डबी दे इकडे. भांडं निवतंय. माझे केस मीच टेकवते त्यावर.