साहेबरावांना दारावर मी उभं केलं

नाव : हसीना भ्र. महेमूद पठाण. वय ५२ वर्षे. धंदा शिवणकाम, तसेच माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या सरकारी कामात विनामोबदला मदत. राहणार टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद, जि. जालना.

साहेबराव लहाने यांना अटक केलेली नाही, फक्त चौकशीसाठी बोलावले आहे, असे ठाणे अंमलदारांनी मला आत्ताच सांगितले. तसे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. त्यानंतरच खुर्चीवर बसून, कोणाच्याही दबावाशिवाय, पुढीलप्रमाणे सांगते.

मी वरील ठिकाणी एकटी राहते. घरी उर्दू बोलते. मराठी मला लिहिता-वाचता येते. माझे पती महेमूद पठाण हे सैन्यातून हवालदार पदावरून निवृत्त झाले होते. ते हयात नाहीत.

काल गावातील मंगल कार्यालयात माजी सैनिक, सैनिकांच्या विधवा व कुटुंबीय यांच्यासाठी सर्व कार्यालयांचे एकत्र शिबिर होते. तहसीलची नोंद, ओळखपत्र, दवाखान्याचे कार्ड, मुलांची शिष्यवृत्ती, एसटीचा पास अशी टेबले एका ओळीत मांडली होती. शिबिराचे समन्वय अधिकारी म्हणून श्री. अण्णासाहेब दाभाडे हजर होते. साहेबरावांविरुद्धची आजची तक्रार त्यांचीच आहे. लोकांना टेबलापर्यंत नेणे, कागद लावून देणे हे काम माझ्याकडे होते.

या शिबिरांची पद्धत अशी की, एका टेबलाचा शिक्का असल्याशिवाय पुढचे टेबल कागद घेत नाही. त्यामुळे मधली एक खुर्ची रिकामी झाली की मागचे सगळे अडतात. दुपारी जेवायला म्हणून साहेब लोक उठतात. काही परत येतात, काही येत नाहीत. लोक संध्याकाळी अर्धे शिक्के घेऊन घरी जातात आणि पुढच्या शिबिरात पहिल्यापासून सुरू करतात. माझ्या पतीचा दवाखान्याच्या कार्डाचा कागद असाच एका खुर्चीपाशी थांबला होता. पुढचे शिबिर भरले तेव्हा कार्डाची गरज राहिली नव्हती. त्याबद्दल आज माझी तक्रार नाही. विचारले म्हणून सांगितले.

साहेबराव लहाने हे सैन्यातील निवृत्त नाईक आहेत, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना विसर पडतो. सुनेला, दैवशालाला, ते कधी आई म्हणतात, कधी ओळखत नाहीत. काल सकाळी दैवशालानेच त्यांना आणून बसवले. ते सारखे उठून रांगेत घुसत होते. म्हणून मी त्यांना म्हटले, "नाईक साहेबराव, दारावर उभे राहा. काम संपेपर्यंत आतला कोणी बाहेर जाणार नाही." ते ताठ झाले, काठी हातात धरली आणि दारात जाऊन उभे राहिले.

हे मी मस्करीत म्हटले असे लिहू का, असे मला विचारण्यात आले. लिहू नये. मी मस्करी केली नव्हती.

थोड्या वेळाने शिपोरा येथील उषाबाई या वीरपत्नीला भोवळ आली. तिला रिक्षात घालून मी सरकारी दवाखान्यात नेले. माझा फोन हॉलमध्येच पिशवीत राहिला. जाताना साहेबरावांना ड्यूटी संपल्याचे सांगायचे राहून गेले. पहाऱ्यावरच्या संत्र्याला ज्याने उभे केले त्यानेच हलवायचे असते, हे हवालदाराच्या घरात इतकी वर्षे काढून मला माहीत होते. पण उषाबाईचे डोळे फिरले होते.

नंतरचे मी स्वतः पाहिलेले नाही. हॉलमध्ये असलेले माजी सैनिक रामकिसन गाढवे यांनी सांगितले ते असे. जेवणाच्या वेळेला दाभाडे साहेब व टेबलावरचे इतर लोक दाराशी आले.

"आजोबा, सरका जरा."

"हुकूम न्हाई."

"अहो, मी इथला अधिकारी आहे!"

"मंग तुम्हाला तर बराबर ठाऊक पाहिजे. हुकूम न्हाई."

"कुणाचा हुकूम पाहिजे तुम्हाला?"

"हसीनाबाईचा."

यावर लोक हसले. दाभाडे साहेबांनी रामकिसन यांना सांगितले, "म्हाताऱ्याला बाजूला घ्या." रामकिसन म्हणाले, "साहेब, संत्री आहे तो. संत्र्याला आम्ही हात लावत न्हाई." साहेबांनी इतरांकडे पाहिले. हॉलभर माजी सैनिक बसले होते. कोणी उठले नाही. ज्यांची कामे झाली होती तेही गेले नाहीत. म्हणजे बाहेर जायची बंदी सर्वांना सारखीच होती.

साहेबरावांनी काठी उगारली, असे तक्रारीत आहे. काठी त्यांनी दारात आडवी धरली होती. तिच्या टोकाला रबर आहे आणि तिच्याशिवाय त्यांना घरात चालता येत नाही. अधिकाऱ्यांना उपाशी डांबून ठेवले असेही आहे. दैवशालाने घरून पिठलं-भाकरी आणली. साहेबरावांनी भाकरी आत घेतली, तिला घेतले नाही. सर्व अधिकारी जेवले. दाभाडे साहेबांनी ठेचा मागून घेतला. पाणी आणि स्वच्छतागृह आतच आहे. जेवण झाल्यावर करण्यासारखे दुसरे काही नसल्याने ते टेबलांवर बसले आणि शिक्के मारू लागले.

उषाबाईला सलाइन लावून मी परत आले तेव्हा दुपार टळली होती. साहेबराव दारात उभेच होते. मला पाहून त्यांनी सलाम केला. म्हणाले, "सब ठीक है. एकबी बाहेर गेला न्हाई." मी म्हटले, "शाब्बास, नाईक साहेबराव. ड्यूटी खतम." त्यांनी काठी टेकवली, पायरीवर बसले आणि मला विचारले, "बाई, हे कुणाचं लग्न हाये?"

आत एकही कागद अडलेला नव्हता. काल आलेल्या एकाही माणसाला 'पुढच्या वेळी या' असे सांगावे लागले नाही. उषाबाईचे कार्डसुद्धा झाले. तिचा कागद रामकिसन यांनी टेबलाटेबलावरून नेला होता. असे शिबिर मी आजवर पाहिले नव्हते. सरकारी कामात अडथळा आणल्याची तक्रार असल्याने, काल थांबलेले एखादे काम तक्रारदाराने दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

आज सकाळी ठाण्यात दाभाडे साहेब माझ्यासमोर म्हणाले, "म्हाताऱ्यानं माफीच्या दोन ओळी लिहून द्याव्यात. मी विषय मिटवतो. एवढं काय ताणायचं, हसीनाताई?" मी नकार दिला. साहेबराव सही करतील. त्यांच्यापुढे जो कागद ठेवाल त्यावर ते सही करतील. म्हणूनच मी तो ठेवू देणार नाही.

साहेबरावांचे डोके ठिकाणावर नाही असे मी जबाबात सांगितले तर ते सुटतील, असेही मला सुचवण्यात आले. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण ते मी सांगणार नाही. ते सुनेचे नाव विसरतात हे खरे आहे. काल मात्र, आपण तिथे कशासाठी आहोत हे त्या हॉलमध्ये सर्वात पक्के त्यांनाच ठाऊक होते.

त्यांना दारावर मी उभे केले. हुकूम माझा होता. गुन्हा नोंदवायचा असेल तर माझ्या नावाने नोंदवावा. नाव वर पूर्ण दिलेले आहे.

उद्या साहेबरावांना जबाबासाठी बोलावले आहे. त्यांना मी घेऊन येईन. रामकिसन व काल हॉलमध्ये असलेले इतर लोकही येणार आहेत, त्यांना मी बोलावलेले नाही. साहेबराव गाव चुकीचे सांगतील, वय चुकीचे सांगतील. हुकूम कोणाचा होता असे विचारले तर माझे नाव सांगतील. ते बरोबर लिहून घ्यावे.

वरील जबाब संगणकावर टंकून मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'माझ्याकडून चूक झाली' असे एक वाक्य होते. ते मी बोलले नव्हते. ते काढायला लावून जबाब पुन्हा छापून घेतला, स्वतः वाचला, आणि आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे म्हणून खाली सही केली.